जैसलमेरमधील स्वस्त खोली आणि तिचे पाणी

राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात वसलेल्या जैसलमेर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६५ हजारांच्या घरात होती. ज्या जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण आहे त्याचे क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक असूनही तेथे दर चौरस किलोमीटरमागे सरासरी १७ माणसेच राहतात. एवढ्या विरळ वस्तीच्या मुलखातल्या या शहरात गल्लोगल्ली अतिथिगृहे आहेत, आणि ऐन हंगाम टळला की हजार-दीड हजारांच्या आत, कधी त्याहूनही पुष्कळ कमी भाड्यात, दगडी जाळीच्या खिडकीची आणि गच्चीवरून पिवळ्या किल्ल्याचे दर्शन घडवणारी खोली तेथे मिळू शकते. दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मात्र ही स्वस्ताई कशातून आली आणि ती कोणाच्या जिवावर टिकून आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तेथे कोणती खोली घ्यावी आणि कोणती घेऊ नये हे ठरवता येत नाही. कारण या शहरात खोलीचे भाडे आणि खोलीची खरी किंमत यांत बरेच अंतर आहे.

भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने ११५६ मध्ये लोद्रवा ही जुनी राजधानी सोडून त्रिकूट नावाच्या टेकडीवर हा किल्ला बांधला. हिंदुस्थानातून सिंधकडे आणि तेथून पुढे मध्य आशियाकडे जाणारे उंटांचे तांडे याच वाटेने जात असल्याने जकात, सावकारी आणि व्यापार यांवर शहर श्रीमंत झाले, आणि त्या श्रीमंतीची साक्ष म्हणून एकोणिसाव्या शतकात पटवा, सालिम सिंह, नथमल यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. पण त्याच शतकात मुंबईसारख्या बंदरांकडे व्यापार वळू लागला, तांड्यांची वर्दळ घटली, पुढे १९४७ च्या फाळणीने सिंधकडे जाणारी वाटच बंद केली आणि धनिक घराणी पोटापाण्यासाठी दूरच्या शहरांत निघून गेल्यामुळे कोरीव सज्जांची घरे मागे रिकामी पडली. शहराला पुन्हा जाग आली ती सरहद्दीमुळे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या आगेमागे लष्करी गरजेपोटी येथे रस्ते आणि रेल्वे आली, १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा चित्रपट झळकला आणि बंगाली मध्यमवर्गाला हा किल्ला आपल्या घरचा वाटू लागला, तर त्याच सुमारास पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात जग पाहणारे युरोपीय तरुणही येऊ लागले.

या पाहुण्यांना उतरायला हॉटेले नव्हती, घरे मात्र होती. कुटुंबाने वापरात नसलेली एक खोली द्यायची, सकाळी चहा आणि पराठे करून घालायचे, हळूहळू दुसरी खोली रिकामी करायची आणि शेवटी आपण मागच्या दोन खोल्यांत राहून पुढचे सारे घर पाहुण्यांकडे सोपवायचे, अशा क्रमाने येथील अतिथिगृह घडत गेले. जागा वडिलोपार्जित, राबणारे हात घरचे, स्वयंपाक घरच्याच चुलीवरचा. त्यामुळे जमीन विकत घेऊन, कर्ज काढून इमारत उभी करणाऱ्या हॉटेलवाल्याला जे भाडे परवडणार नाही ते या कुटुंबांना परवडले. जैसलमेरच्या स्वस्ताईचे हे पहिले कारण आहे, आणि ते निर्मळ आहे. दुसऱ्या कारणाकडे वळण्यापूर्वी खोली नीट पाहणे आवश्यक आहे.

जुन्या पद्धतीच्या खोलीच्या भिंती जाड, पिवळ्या वालुकाश्माच्या घडीव चिऱ्यांच्या असून अनेक ठिकाणी चुन्याचा वापर नाममात्र असतो. एका चिऱ्याची खाच दुसऱ्यात बसवून, कोठे लोखंडी पट्टीने अडकवून ते एकमेकांत गुंतवलेले असतात. छतावर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या किंवा फरशा आणि सर्वांत वर मातीचा जाड थर असतो. मराठवाड्यात ज्याला माळवद म्हणतात त्याच जातीचे हे बांधकाम आहे आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचे काम ते चोख करते. भिंतीत दिव्याचे कोनाडे, खिडकीशी दगडी बैठक, बैठकीवर गादी आणि जाळीतून जमिनीवर पडणारी उन्हाची नक्षी, या सगळ्याची छायाचित्रे पाहूनच प्रवासी खोली निवडतात. छायाचित्रात जे सहसा दिसत नाही ते खोलीच्या कोपऱ्यात असते: मूळ घरात नसलेली, नंतर विटांची आडभिंत घालून काढलेली न्हाणी आणि शौचकूप. तिच्या मागच्या अंगाला भिंतीवर दोन हातभर उंचीपर्यंत चिऱ्यांचा रंग गडद झालेला असतो, त्या गडद पट्ट्याच्या वरच्या कडेला पांढरट क्षार फुटलेला असतो आणि तेथे बोट फिरवले की दगडाची भुकटी हाताला लागते. मराठीत याला लोणा लागणे म्हणतात. झिरपलेले पाणी दगडातले आणि जमिनीतले क्षार विरघळवून वर आणते, पाणी वाळते, क्षाराचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत फुगतात आणि दगड आतून पोखरला जातो.

हीच गोष्ट सगळ्या किल्ल्याच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडली. जैसलमेरचा किल्ला हा ओसाड अवशेष नसून आजही हजारो माणसांच्या वस्तीचे गाव आहे. पूर्वी राज्याच्या सेवेत असलेल्या ब्राह्मण आणि राजपूत कुटुंबांचे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, जैन मंदिरांत पूजा होते, मुले शाळेत जातात. ज्या टेकडीवर हे गाव आणि किल्ल्याचे ९९ बुरूज उभे आहेत ती सुमारे ७५ मीटर उंचीची आहे, पण ती सलग कातळाची नाही. वालुकाश्माच्या जोडीला तिच्यात चिकणमातीचे आणि ओल लागताच मऊ पडणारे, भुसभुशीत थर आहेत. वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशा टेकडीवर शतकानुशतके काही बिघडले नाही, कारण तेवढे पाणी बाहेर काढून देण्याची व्यवस्था मूळ रचनेतच होती. ‘घूट नाली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जुन्या निचऱ्याच्या मार्गांनी पावसाचे पाणी चारही दिशांनी किल्ल्याबाहेर जाई. घरातल्या वापराचे पाणी मुळातच थोडे होते. चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या नावे प्रसिद्धीस आलेल्या गडीसर तलावातून बायका डोक्यावर घडे घेऊन ते वर आणीत, आणि जे पाणी डोक्यावरून चढ चढून आणायचे ते जपूनच वापरले जाते.

नळ आले, आणि पुढे पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जैसलमेरपर्यंत पोहोचले. वाळवंटातल्या माणसाच्या जन्माचा वनवास त्यामुळे संपला, हे निःसंशय मोठे काम झाले. परंतु किल्ल्यावर नळाचे पाणी चढले त्याच काळात पर्यटनही वाढले, आणि जेथे एका कुटुंबाची एक मोरी होती तेथे खोलीगणिक एकेक न्हाणीघर निघाले. बादलीभर पाण्यात उरकणारी आंघोळ साधारण १५ ते २० लिटरांत होते. फवाऱ्याखाली तेवढे पाणी दोन-तीन मिनिटांत वाहून जाते आणि शौचकुपाची टाकी एकदा रिकामी केली तरी सहा ते दहा लिटर पाणी जाते. वर चढवलेल्या या सगळ्या पाण्याला खाली उतरायला पुरेसा आणि धड मार्ग नव्हता. जुने नाले बुजले किंवा त्यांवर बांधकामे झाली, नंतर टाकलेल्या गटारवाहिन्या ठिकठिकाणी गळत राहिल्या आणि ते पाणी टेकडीच्या पोटात मुरत गेले. १९९० च्या दशकात बुरूज आणि तटाचे भाग ढासळले, घरे पडली, माणसेही दगावली. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने धोक्यातील वारसास्थळांच्या १९९६ च्या पहिल्याच यादीत जैसलमेरच्या किल्ल्याचा समावेश केला आणि त्यानंतर बुरुजांची डागडुजी, राणी महालाचा जीर्णोद्धार आणि गल्ल्यांतील निचऱ्याची कामे सुरू झाली. २०१३ मध्ये ‘राजस्थानातील डोंगरी किल्ले’ या नावाने सहा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत चित्तोडगड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोन आणि आमेर यांच्या जोडीने जैसलमेर आहे.

या प्रश्नात किल्ल्यावरच्या रहिवाशांना दोषी धरणे अन्यायाचे होईल. किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक असल्याने घराच्या साध्या दुरुस्तीलाही परवानगीचे खेटे घालावे लागतात, व्यापार बुडालेल्या शहरात पाहुण्यांखेरीज उत्पन्नाचे साधन थोडे, आणि ज्यांनी ही वास्तू वस्तीने जिवंत ठेवली त्यांनाच तिच्यातून उठवून लावले तर मागे उरेल ते तिकीट लावलेले रिकामे दगडकाम. तरीही राहणारा आणि उतरणारा यांत फरक आहे. राहणाऱ्याचे घर तेथे आहे. उतरणाऱ्याला पर्याय आहे, आणि तो पर्याय किल्ल्याच्या पायथ्याशी, दहा मिनिटांच्या चालीवर आहे. काही परदेशी प्रवासमार्गदर्शिकांनी आपल्या वाचकांना किल्ल्याच्या आत मुक्काम करू नये असा सल्ला दिला होता. आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनीही हीच भूमिका घ्यायला हवी. मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले त्यांतील पन्हाळा हाही नांदता किल्ला आहे, त्याला स्वतःची नगरपरिषद आहे, तटाच्या आत हॉटेले आहेत, आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत त्याच्या वाटेवरचा रस्ताच खचला होता. वारसा नामांकनाने आपल्या घरांवर निर्बंध येतील ही भीती पन्हाळकरांनी उघडपणे बोलून दाखवली. जैसलमेरचा अनुभव त्यांनी आणि शासनाने एकत्र बसून अभ्यासावा असाच आहे.

स्वस्ताईचे दुसरे कारण व्यवहारातले आहे आणि ते निर्मळ नाही. अनेक स्वस्त हॉटेलांत खोली हे मुळी विकायचे मुख्य जिन्नस नसते. मुख्य जिन्नस असते वाळूच्या टेकड्यांवरची उंटसफर. खोली पडत्या भावाने द्यायची, पाहुणा दारात आला की संध्याकाळच्या सफरीचा विषय काढायचा, आणि त्याने नकार दिला किंवा सफर दुसरीकडे ठरवली की खोलीचे भाडे एकाएकी वाढवायचे किंवा ती आधीच कोणाला तरी दिली असल्याचे सांगायचे, हा प्रकार येथे बराच काळ चालत आला आहे. स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला गाठून ठरावीक हॉटेलात नेणाऱ्या आणि त्याबद्दल दलाली घेणाऱ्या माणसाला राजस्थानात ‘लपका’ म्हणतात. लपक्यांचा उपद्रव इतका वाढला की राज्याने २०१० मध्ये पर्यटन व्यवसायाच्या नियमनाचा कायदा करून अशा जबरदस्तीला गुन्हा ठरवले. दलाली अखेर प्रवाशाच्याच बिलात चढते, म्हणून लपक्यामार्फत मिळालेली स्वस्त खोली स्वस्त राहत नाही. मात्र यात सर्वांत अधिक नाडला जातो तो उंटवाला. हॉटेलने सफरीची रक्कम कमी करून गिऱ्हाईक ओढले की तेवढी कपात उंटवाल्याच्या मजुरीत, उंटाच्या चाऱ्यात आणि पाहुण्याच्या ताटात होते. जी सफर शेजारच्या दुकानापेक्षा निम्म्या भावात मिळते तिच्यातला फरक कोणीतरी पदरमोड करून भरत असतो, आणि तो हॉटेलमालक क्वचितच असतो.

यावर उपाय साधा आहे. खोली आगाऊ ठरवताना सफरीची अट आहे की नाही हे लेखी विचारावे, गरम पाण्याची सोय नळाला आहे की बादलीने हे विचारावे, बादलीची असल्यास तक्रार करू नये, आणि कर धरून भाडे किती हे पक्के करावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून नोंदणीची मर्यादा न ओलांडणाऱ्या लहान घरगुती अतिथिगृहांना तो आकारताच येत नाही. पाच टक्के किरकोळ वाटतात, पण चार खोल्यांच्या कुटुंबकबिल्याला तीन रात्रींत ते जाणवतात.

भाड्याचा चढउतार हंगामावर चालतो. ऑक्टोबर ते मार्च हा येथील हंगाम. त्यातही दुर्गापूजेच्या सुट्टीत बंगाली, दिवाळीच्या आठवड्यात गुजराती आणि मराठी, नाताळानंतर सगळेच, आणि माघ पौर्णिमेच्या आगेमागे भरणाऱ्या मरु महोत्सवाला पुन्हा एकदा, असे गर्दीचे भर येतात आणि त्या दिवसांत तीच खोली दुप्पट-तिप्पट भावाला जाते. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला साप्ताहिक गाडी आहे आणि जोधपूरपर्यंत जाऊन पुढचे सुमारे २८५ किलोमीटर बसने किंवा रेल्वेने गाठणेही सोयीचे पडते. त्यामुळे दिवाळीचे चार दिवस घरी करून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात निघणाऱ्या कुटुंबाला थंडीही बेताची मिळते आणि भावही. डिसेंबर-जानेवारीत मात्र वाळवंटातली रात्र कडाक्याची असते, पारा पाच अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरतो, आणि स्वस्त खोलीतली एक दुलई तेव्हा पुरत नाही.

शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर पश्चिमेला सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे रस्त्याच्या कडेने तंबूंच्या वसाहती ओळीने उभ्या आहेत, प्रत्येक तंबूला जोडून न्हाणीघर आहे, संध्याकाळी जीपगाड्या टेकड्यांवर धूळ उडवतात आणि रात्री ध्वनिवर्धकांवर चित्रपटगीते वाजतात. एवढ्या गोंगाटासाठी वाळवंट निवडण्याचे कारण समजत नाही, विशेषतः याच भूप्रदेशात ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरु राष्ट्रीय उद्यान असताना. हे उद्यान म्हणजे गोडावण या राजस्थानच्या राज्यपक्ष्याचा उरलासुरला आसरा होय. गोडावण म्हणजे आपला माळढोक. ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले आणि जो त्या माळावर आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, तोच. जगात मिळून दीडशेच्या आसपास उरलेल्या या पक्ष्यांपैकी बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत, आणि सम येथेच त्यांच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र २०१९ पासून काम करीत आहे. जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या, वर्दळीला बुजणाऱ्या पक्ष्याच्या शेजारी प्रकाशझोत आणि कर्णे लावणे हे पर्यटन नव्हे, नासधूस आहे.

ज्या तंबूंत चित्रपटगीते वाजतात तेथेच, कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्या तासात, मांगणियार गायकांना बसवले जाते. मांगणियार हे मुसलमान, पण त्यांचे पिढीजात यजमान बहुतांशी हिंदू. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी गाणे, त्याची वंशावळ आणि पराक्रम मुखोद्गत ठेवणे आणि त्याबद्दल धान्य, जनावरे, रोकड घेणे ही त्यांची वृत्ती. आंब्याच्या लाकडाचे, चामडे मढवलेले, गजाने वाजवायचे कमायचा हे त्यांचे वाद्य. कोमल कोठारी या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकापासून या गायकांना जगापुढे आणले, आणि हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आज यजमानांची घरे पांगली आहेत आणि अनेक कुटुंबांचा चरितार्थ हॉटेलांवर चालतो. स्वस्त मुक्कामाच्या ठरलेल्या रकमेत ‘लोकसंगीत समाविष्ट’ असे छापलेले असते तेव्हा गायकाच्या वाट्याला फारच थोडे येते. म्हणून त्यांच्या हाती स्वतंत्रपणे बिदागी ठेवणे आणि ध्वनिवर्धक बंद करून एक गाणे पूर्ण ऐकवण्याची विनंती करणे, या दोन्ही गोष्टी पाहुण्याने कराव्यात. कमायचाचा खर्ज ध्वनिवर्धकातून हरवतो आणि उघड्या रात्रीत तो दूरवर ऐकू येतो.

समच्या गर्दीला पर्याय म्हणून नैर्ऋत्येकडचे खुहडी गाव अनेक वर्षांपासून प्रवाशांना माहीत आहे. तेथेही आता तंबू आले आहेत, पण गावातल्या कुटुंबांच्या ढाणीत, म्हणजे शेतावरच्या वस्तीत, मुक्कामाची सोय अजून मिळते. ढाणीतली गोल झोपडी माती आणि शेणाने लिंपलेल्या भिंतींची आणि गवताने शाकारलेल्या छपराची असते. जेवायला बाजरीचा सोगरा, म्हणजे जाड भाकरी, केर-सांगरीची भाजी, ताक आणि तूप असते. आंघोळीला एक बादली मिळते आणि त्या बादलीतले पाणी आंघोळीनंतर अंगणातल्या झाडाच्या आळ्याकडे जाते. भाडे समच्या तंबूहून बरेच कमी असते आणि ते थेट घरातल्या बाईच्या हाती पडते. गावच्या कडेला वाळूची टेकडी असल्याने उंटाची गरजच असते असे नाही. संध्याकाळी पायी जाऊन, अंधार पडण्यापूर्वी परतता येते. शहरात दोन रात्री किल्ल्याखालच्या गल्लीत आणि तिसरी अशा ढाणीत काढली तर चौघांच्या कुटुंबाचा सगळा मुक्काम समच्या एका झगमगीत तंबूच्या ऐन हंगामातल्या खर्चात बसू शकतो. मात्र ढाणीत जायचे तर दोन दिवस आधी कळवावे लागते, कारण पाण्याचा टँकर आणि दळण दोन्ही पाहुण्यांच्या संख्येनुसार मागवावे लागते.